सरांच्या डिक्कीतली चादर

सरांच्या स्कूटरच्या डिक्कीत कायम एक चादर असायची. सोलापुरी, चौकड्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेली. कोणाला थंडी वाजेल म्हणून ती ठेवलेली नव्हती. ती झाकायला होती. काय झाकायचं, ते रस्त्यावर जे दिसेल त्यावर ठरायचं.

वर्ध्याला आमच्या संस्थेत बाहेरदेशची पोरं यायची. महिना दीड महिना राहायची, खेडी पाहायची, आश्रमात जाऊन जमिनीवर बसायची आणि पाय दुखले की माझ्याकडे बाम मागायची. त्यांना कुठं न्यायचं, काय दाखवायचं, हे काम सरांकडे होतं. कोणी दिलेलं नव्हतं. सरांचं इंग्रजी खणखणीत, आणि दुसऱ्या कोणाला हौस नाही, म्हणून ते त्यांच्याकडे आपोआप गेलं. मुली असल्या की सोबत एक बाई पाहिजे, म्हणून मला जुंपलेलं. मी तेव्हा नवीन होते, नाही म्हणायची सोय नव्हती.

संस्थेच्या गाडीत सर पुढं ड्रायव्हरशेजारी बसायचे, डिक्कीतली चादर काढून मांडीवर घेतलेली. शहर सोडताना एक नाला लागतो. त्याच्या डाव्या काठावर सगळ्या गावाचा कचरा. पूल आला की सर अचानक ओरडून इंग्रजीत सांगायचे, उजवीकडे पाहा. उजवीकडे काय होतं? एक बाभूळ. बरं, बाभूळ म्हणजे काही मोठी पुरातन नव्हे, असते तशी, शेंड्याला फाटका पतंग अडकलेला. सर तिच्याबद्दल काय काय सांगायचे! तिच्या शेंगा औषधी, तिच्या लाकडाचा नांगर, तिच्या काटक्यांनी आमच्या पूर्वजांनी दात घासले. सगळं खरंच होतं तसं, पण जिल्हाभर लाख बाभळी असताना पुलावरचीच का, हे कोणी विचारलं नाही. त्या बाभळीचे फोटो आज अर्ध्या जगाच्या मोबाइलात असतील.

एका पोरीनं परत गेल्यावर तिचे सगळे फोटो आम्हाला पाठवले. आठवडी बाजाराचे, गोवऱ्या थापणाऱ्या बायांचे, हापशीचे. निम्म्या फोटोंत मधोमध सरांचा पांढरा बुशशर्ट. तिनं कॅमेरा रोखला की हे हळूच पुढं येऊन उभे राहायचे. मी हसले तर म्हणाले, "मॅडम, पाहुणा डोये घेऊन येते. आपल्याले पदर घेऊन उभं राहा लागते."

तुम्हाला वाटेल, मला सरांची लाज वाटत असेल. वाटायचीच. भर बाजारात धावत पुढं जाऊन चहावाल्याला "अंगात सदरा घाल, पाहुणे येऊन राह्यले" म्हणणारा माणूस आपल्या सोबतचा आहे, हे लपवावंसं वाटायचं. पण पूल आला की मीही डावीकडे पाहायची नाही. आणि एखाद्या पोरीनं पाहिलंच तर माझे कान गरम व्हायचे. लाज सरांची, की नाल्याची, की आपल्याला आपल्याच गावाची लाज वाटते याची, याचा माझ्या डोक्यात कायम गुंता असायचा.

चादर मात्र मुख्यतः माणसांसाठी होती. आमचा जिल्हा दारूबंदीचा. गांधीजी इथं राहिले म्हणून इथं दारू विकायची नाही, प्यायची नाही. परदेशी पाहुण्यांना या गोष्टीचं भारी कौतुक. सर ती गोष्ट आश्रमाच्या फाटकापाशीच सांगायचे, मान ताठ करून. एकदा एका पोरानं विचारलं की मग नदीकाठी एवढ्या बाटल्या कशा? सरांनी पापणी न हलवता सांगितलं, नदीपलीकडे दुसरा जिल्हा लागतो, तिकडून वाहत येतात. पोरानं ते लिहून घेतलं. मी खिडकीतून तोंड बाहेर काढून खोकत राहिले.

आणि बंदी असली तरी आमच्याकडे बसस्टॉपवर, पारावर, पानठेल्यामागं माणसं पडलेली असतातच. ज्याला माहीत नाही तो वर्ध्याचा नाही. असा कोणी दिसला की सर गाडी थोडी अलीकडे थांबवायचे, उतरायचे, त्याच्या चपला नीट एकाशेजारी एक ठेवायचे, अंगावर चादर घालायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, रात्रपाळीचा मजूर आहे, दमून झोपला आहे. संध्याकाळी स्कूटरवर येऊन चादर घेऊन जायचे. एकदा एक गडी ती पांघरूनच घरी गेला, तर सर पत्ता काढत त्याच्या दारात. त्याच्या बायकोनं घडी करून दिली म्हणे, आणि वर चहा पाजला.

पण एक होतं. चादर नेहमी गळ्यापर्यंतच. एकदा एकाच्या तोंडावर इतक्या माश्या होत्या की मी म्हटलं, सर, वरपर्यंत ओढा ना. तर एकदम गंभीर झाले. "जित्या माणसाचं तोंड झाकत नसतात, मॅडम. आपल्यात ते अभद्र मानतात." आपल्यात मानतातच, मलाही माहीत होतं. माझी आजी झोपेत कोणाचं पांघरूण तोंडावर गेलं तरी उठून खाली ओढायची.

आता सरांच्या भावाचं सांगते. संस्थेच्या फाटकापाशी अधूनमधून एक म्हातारा यायचा. पायजमा, मळकी टोपी, हातात पिशवी. पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा, नाहीतर ओल्या हरभऱ्याचे सोले. कधी सरळ चालत यायचा, कधी नाही. सर बाहेर जाऊन त्याला टपरीवर चहा पाजायचे आणि फाटकाबाहेरूनच परत पाठवायचे. शिपायाला सांगायचे, गावचा माणूस आहे. अहो, पण नाक! सरांचं नाक म्हणजे पोपटाच्या चोचीसारखं, तसं नाक जिल्ह्यात दुसरं नसेल. आणि तेच नाक त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, पण कोणी बोललं नाही. आमच्याही घरी असा एक मामा होता. पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत बसवायचे. प्रत्येक घरात एक असतोच, आणि प्रत्येक घराला वाटतं की फक्त आपल्याच घरात आहे.

सर रिटायर झाले, तरी पाहुणे आले की संस्था त्यांनाच बोलवायची. त्यांची एकुलती मुलगी जर्मनीत नोकरीला होती, तिनं तिथलाच एक मुलगा पसंत केला. मुलाला रजा मिळाली नाही म्हणून त्याचे आईवडील तेवढे मुलीसोबत आले, घरदार पाहायला, सोयरीक पक्की करायला. सरांनी मला फोन केला. मॅडम, तुम्ही सोबत या, तुम्ही असल्या की मला धीर येतो. आवाज असा की मी रजाच टाकली.

तीन दिवसांचा बेत ठरला होता. आश्रम, पवनारचा नदीकाठ, बोर धरण. सगळं झालं, पुलावरची बाभूळसुद्धा झाली. पण त्या बाईंनी पहिल्याच रात्री जेवताना सांगितलं होतं की त्यांना सरांचं जन्मगाव पाहायचं आहे. पुलगावच्या रस्त्याला आहे ते, छोटंसं. सर दोन दिवस टाळत राहिले. रस्ता खराब आहे, तिथं काही पाहण्यासारखं नाही, त्यापेक्षा गणपतीच्या देवळात जाऊ. बाई हसून ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायच्या. कारण काय, ते मला मुलीनं हळूच सांगितलं. सरांनी व्हिडिओ कॉलवर त्यांना सांगून ठेवलं होतं की मी आईबापाचा एकटाच. भाऊ नाही, बहीण नाही. तीही बाजूला बसून गप्प राहिली होती.

मग सरांनी बंदोबस्त केला. भावाला त्याच्या पोरीकडे तळेगावला पाठवलं, चार दिवस तिकडेच राहा म्हणून. गावात देऊळ, शाळा आणि चुलत भावाचं नवीन घर, एवढंच दाखवायचं ठरलं. गुरांचा वाडगा नाही, जुनं घर नाही.

आम्ही सकाळी निघालो. सरांची चौकड्यांची चादर या खेपेला नव्हती. सोयऱ्यांसमोर असली विटकी काय काढता म्हणून सरांच्या बायकोनं गाडीत नवीन पांढरं बेडशीट ठेवलं होतं, इस्त्रीचं. त्यावरून नवराबायकोत दारात थोडी चकमकही झाली. सर म्हणाले, आज लागणारच नाही.

गावाच्या अलीकडे सर म्हणाले, तुम्ही देऊळ पाहत थांबा, मी पुढं जाऊन चहाचं पाहून येतो. शीट काखेत मारलं आणि एका ओळखीच्या पोराच्या मोटरसायकलवर मागं बसून गेले. सवयच ती, पुढं जाऊन एकदा रस्ता पाहून यायची. पंधरा-वीस मिनिटांनी आले तर चेहरा पिठासारखा. शीट काखेत नव्हतं. मी विचारलं, सर, काय झालं? म्हणाले, "काई नाई. चला."

गावात शिरताना बसस्टॉपचा ओटा लागतो. त्यावर एक माणूस पांढऱ्या शीटखाली आडवा होता. खाली चपला, एकाशेजारी एक. आणि शीट डोक्यावरून ओढलेलं. तोंड का झाकलं असेल, ते मला गाडी पुढं गेल्यावर कळलं. नाकासाठी. सोयऱ्यांनी ते नाक पाहिलं असतं, तर सांगायला काही उरलं नसतं. सर त्या वेळी उजवीकडे बोट दाखवून पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी सांगत होते.

शाळा झाली. चुलत भावाकडे चहा, चिवडा, कोथिंबिरीची सांबारवडी झाली. त्या बाईंनी तीन वड्या खाल्ल्या, कशा करतात ते विचारलं, सगळं छान चाललं होतं. सरांनी चहाला हात लावला नाही. निघताना परत तोच रस्ता, दुसरा डांबरी नाहीच. आणि बसस्टॉपपाशी गर्दी.

काय झालं होतं ते सांगते. पांढरं शीट, तोंडावरून ओढलेलं, चपला नीट काढून ठेवलेल्या. गावानं काय समजायचं? पायजमा आणि पिशवी पाहून माणूस कोण तेही ओळखलं. शीट वर करून पाहायची हिंमत कोणी केली नाही, कारण प्यायलेला माणूस मेला म्हणजे पोलीस येणार, कुठून प्यायला विचारणार, ज्यानं हात लावला तो पहिला साक्षीदार. म्हणून सगळे दहा हात लांब उभे. एकानं मात्र जाऊन घरी सांगितलं. आणि सरांची वहिनी अनवाणी धावत आली होती. ती ओट्याखाली बसून टाहो फोडत होती. एका हाताच्या बांगड्या तिनं ओट्याच्या कडेवर आपटून फोडल्या होत्या, मनगटातून रक्त येत होतं.

गाडी थांबली. जर्मन बाई म्हणाल्या, कोणीतरी वारलं आहे, आपण असं बसून राहणं बरं नाही. आणि त्या उतरल्या. त्यांचे यजमान उतरले. दोघांनी टोपी-गॉगल काढले आणि आश्रमात शिकवले होते तसे हात जोडून उभे राहिले. ड्रायव्हर सरांना म्हणाला, सर, मागून पांदणीनं, शेतातल्या वाटेनं, गाडी काढता येते. काढू का? त्यांना बोलावून घ्या.

सर पुढच्या सीटवर होते. मी मागून फक्त त्यांची मान पाहत होते. ते गप्प राहिले असते तर? पाहुण्यांना गाडीत घालून निघता आलं असतं. तास-दोन तासांनी भाऊ आपोआप उठला असता, गाव हसलं असतं, सोयऱ्यांना कधी काही कळलं नसतं. माझ्या मनात ते आलं, हे मी कबूल करते. मुलगी माझ्याशेजारी ओढणी तोंडात धरून बसली होती, तिच्याही मनात आलं असेल. तेवढ्यात वहिनीनं दुसरा हात उचलला.

सर दार उघडून धावले. इतका जाडजूड माणूस, गर्दी फाडत गेला. त्यांनी वहिनीचा तो हात वरच्या वर धरला. म्हणाले, "वयनी, नको. त्या राहू दे." आणि दुसऱ्या हातानं शीट ओढून काढलं.

"मेला नाई," सर म्हणाले. "जिता आहे. म्या झाकलं त्याले." मग सोयऱ्यांकडे पाहून, मराठीतच, "माया भाऊ आहे. मोठा. सख्खा."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी तिथवर आली होती. तिनं एक शब्द न गाळता इंग्रजीत सांगितलं, आणि तिच्याकडून पुढं जोडलं की हे माझे मोठे बाबा.

म्हातारा गलक्यानं जागा झाला. उठून बसला. माणसं पाहिली, रडणारी बायको पाहिली, ओट्यावरच्या काचा पाहिल्या.

"कोन गेलं वं?" त्यानं विचारलं.

एवढी गर्दी खाली मातीत पाहत होती, मीसुद्धा. वहिनी मात्र रडता रडता त्याला शिव्या घालायला लागली, आणि मला कधी शिव्या ऐकून एवढं बरं वाटलं नव्हतं.

तळेगावला गेलेला माणूस परत कसा आला, तेही तिथंच उलगडलं. त्यानं टोपी शोधून डोक्यावर घातली, पिशवी जवळ ओढली आणि तिच्यातून एक नारळ काढला. दोन शेले काढले, कोरे, घडी न मोडलेले. घरी सोयरे येणार आणि वडील माणूस घरात नाही, हे त्याला सोसलं नव्हतं. पहाटेच्या एस.टी.नं निघाला, वाटेत धीर यावा म्हणून थोडी घेतली, धीर जास्त झाला. तो उभा राहिला, डुलला, सरांनी त्याला दंडाला धरलं. त्यानं त्या जर्मन गृहस्थाच्या गळ्यात शेला घातला, ओंजळीत नारळ ठेवला. कुंकू आणायचं राहिलं म्हणून स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "बसा पाहुणे," तो म्हणाला. "आमच्या घरी या. इथं रस्त्यावर बरं नाई दिसत."

गेलो आम्ही. जुन्या घरी गेलो, शेणानं सारवलेल्या ओसरीत बसलो. वहिनीनं एका हातात बांगड्या, एक हात भुंडा, तसाच पुन्हा चहा केला. मी पदराची पट्टी फाडून तिच्या मनगटाला बांधून दिली. तिच्याकडे वर पाहायची माझी छाती झाली नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत त्या बाईंनी हळू आवाजात विचारलं, रागानं नाही, खरंच कळलं नाही म्हणून, की त्यांचा चेहरा का झाकला होता? पूल आला. सर उजवीकडे पाहा म्हणाले नाहीत. सगळ्यांनी डावीकडचा कचरा पाहिला, डुकरं पाहिली, आणि पूल संपला.

लग्न झालं. तिकडे झालं, सर आणि त्यांची बायको जाऊन आले. सोयऱ्यांनी काही वाईट मानलं नाही, पण सरांना तो दिवस कधी पचला नाही. गावाहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी बायकोला आणि वहिनीला घेऊन ते स्वतः वर्ध्याला कासाराकडे गेले होते, वहिनीच्या दोन्ही हातांत बांगड्या भरल्या. मी त्यांना रस्त्यात पाहिलं. दुकानाबाहेर स्कूटरला टेकून उभे होते, मान खाली. मी हाक मारली नाही. त्यानंतर त्यांनी पाहुण्यांना कुठं नेणं सोडलं. संस्थेतून फोन गेला की म्हणायचे, मॅडमला विचारा, त्यांना सगळं माहीत आहे. मला काय माहीत होतं? मी आपली पुलावर गप्प बसते.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात भाऊ गेला. या खेपेला खरोखर. मी पोचले तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती. आमच्याकडे नातलग, सोयरे, गावकरी एकेक नवं कापड आणून अंगावर टाकतात, तशी कापडं पडत होती. कोणीतरी म्हणालं, सर, ऊन तोंडावर येऊन राह्यलं, ओढा थोडं वर. सरांनी मानेनंच नाही म्हटलं. ते उशाशी उभे होते, उन्हात, आणि कापड घसरून तोंडावर आलं की खाली करत होते.

माणसं दर्शनाला येत होती, आणि येईल त्याला सर सांगत होते, "हा माया मोठा भाऊ." अख्खा जन्म त्याच्यासोबत त्याच गावात काढलेली माणसं ती. त्याच्यासोबत गाई चारलेली, त्याच्यासोबत प्यायलेली. तरी प्रत्येकाला, हात दाखवून, "हा माया मोठा भाऊ."

शेवटी एक म्हातारा न राहवून म्हणाला, "मास्तर, आमाले काऊन सांगता? आमाले मालूम नाई का?"

"तुमाले मालूम आहे," सर म्हणाले. "पण म्या कधी सांगतलं नोयतं."